त्यांच्या पश्चात

मराठी माणूस मेल्याशिवाय मनमिळाऊ होत नाही. हे विधान मी पुराव्यानिशी करतो आहे. गेलं वर्षभर, महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, म्हणजे बँकेला सुटी असते तेव्हा, मी आमच्या मूळ जिल्ह्याच्या गावी एका जुन्या वाचनालयात बसतो आणि तिथल्या साप्ताहिकाच्या बांधीव फायलींतून निधनवार्ता वाचतो. इतक्या मनमिळाऊ माणसांचा सहवास मला जिवंत माणसांत कधी लाभला नाही. बांधावरच्या एका आंब्यासाठी सख्ख्या भावाशी पंचवीस वर्षं कोर्टात भांडलेले गृहस्थही शेवटी 'मनमिळाऊ व परोपकारी स्वभावाचे' म्हणूनच गेले. आंब्याचा उल्लेख नाही. भावाचा आहे, तोही 'शोकाकुल' म्हणून.

तुम्ही म्हणाल, भल्या माणसा, तुला शनिवारी दुसरा उद्योग नाही का? होता. पण माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो आणि त्याच्या मुलीला शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला. तिकडच्या शाळा मुलांना काय काय करायला लावतील याचा नेम नाही. भावानं काकांना फोन केला. काकांनी, म्हणजे त्या मुलीच्या आजोबांनी, मला बोलावून घेतलं. "तू बँकेत आहेस. तुला जुळवाजुळवीची सवय आहे. हे तूच कर." बँकेतल्या माणसाला जगातलं कुठलंही चोपडं देता येतं, असा आमच्या घराण्याचा समज आहे.

आता वंशवृक्ष म्हणजे काय, तर नावं आणि साल. त्यातली नावं आम्हाला तीन पिढ्यांपर्यंत पाठ. याचं कारण इतिहासप्रेम नव्हे, श्राद्ध. पिंड तीन पिढ्यांना दिला जातो, पिता, पितामह, प्रपितामह. म्हणून पणजोबांपाशी आमचं घराणं सुरू होतं. त्यांच्या आधी बहुधा सगळे झाडावर असावेत. सालाचं तर विचारूच नका. आपल्याकडे घरातला माणूस कुठल्या तिथीला गेला हे सुनांनासुद्धा माहीत असतं, पण कुठल्या साली गेला हे मुलांनाही सांगता येत नाही. तिथी दरवर्षी परत येते, साल परत येत नाही. जे परत येत नाही त्याची आठवण ठेवून उपयोग काय?

"पणजोबा दशमीला गेले," काका म्हणाले.

"कुठल्या महिन्यातल्या?"

"ते कसं सांगू? आम्ही पक्षातल्या दशमीला करतो."

इथे जाणकारांच्या लक्षात येईल की माझी पंचाईत झाली. पितृपक्षात माणूस गेल्याच्या तिथीला महालय करतात. तो गेला असेल श्रावणात नाहीतर माघात, शुद्धात नाहीतर वद्यात. म्हणजे वर्षाला साधारण चोवीस दशम्या. काकांच्या मते ते गेले १९०५ ते १९२५ च्या दरम्यान कधीतरी. वीस वर्षं गुणिले चोवीस, चारशे ऐंशी दशम्या. साप्ताहिकाचे अंक वर्षाला बावन्न, म्हणजे एक हजार चाळीस. शिवाय साप्ताहिकात बातमी त्याच आठवड्यात येईल असं नाही. कंपोझिटर आजारी असेल तर पुढच्या आठवड्यात, आणि संपादकच गेले असतील तर आणखी पुढच्या.

सरकारी नोंदी बघाव्यात, तर जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची केली ती १९६९ च्या कायद्यानं. त्याआधीचा १८८६ चा कायदा सभ्य होता. नोंद करायची की नाही हे त्यानं लोकांच्या मर्जीवर सोडलं होतं. लोकांच्या मर्जीवर सोडलं की काय होतं, हे आपण जाणतोच. तेव्हा उरतं वर्तमानपत्र. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. वर्षं गेली की तो आधी पिवळा होतो, मग तपकिरी, मग चकलीसारखा तुटतो, आणि तुटतो तो घडीवर. आणि निधनवार्ता ही नेमकी घडीवरच छापलेली असते, असा माझा अनुभव आहे. वाचनालयातले शिपाईमामा माझ्या मागे उभे राहून दर पाच मिनिटांनी "हळू उलटा, साहेब, हळू" म्हणतात. त्या खोलीत एवढीच जिवंत हालचाल.

पण चार-सहा शनिवार गेले आणि मला ती भाषा यायला लागली. 'अल्पशा आजाराने' म्हणजे डॉक्टरला उशिरा बोलावलं. 'प्रदीर्घ आजाराने' म्हणजे घरातले थकले होते. 'वृद्धापकाळाने' म्हणजे कशानं ते विचारू नका. 'स्पष्टवक्ते' म्हणजे तोंडाळ. 'शिस्तप्रिय' म्हणजे घरात कुणाची चूं करायची टाप नव्हती. 'कडवे शिस्तप्रिय' असेल तर बायको आधीच गेलेली असते. आणि 'मनमिळाऊ' म्हणजे संपादकांना ते गृहस्थ माहीत नव्हते.

शेवटी पणजोबा सापडले. १९१८ चा ऑक्टोबर, शके १८४०. मानमोडीची साथ, म्हणजे पुढे जिला इन्फ्लुएन्झाची महामारी म्हटलं ती, जोरात होती. त्या अंकात मेलेल्यांची एवढी गर्दी की प्रत्येकाला दोन-तीन ओळी, रेशनवर मिळाल्यासारख्या. 'येथील मराठी शाळेचे हेडमास्तर भाद्रपद वद्य दशमीस वारले. ते विद्यार्थ्यांत प्रिय व मनमिळाऊ होते.' मी ते काकांना वाचून दाखवलं तेव्हा काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पणजोबांच्या छडीची दहशत आमच्या घरात अजून टिकून आहे. त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत असे नातू त्यांचं नाव निघालं की हात मागे घेत असत.

आता इथे खरा प्रश्न सुरू होतो. त्या अमेरिकेतल्या पोरीनं वंशवृक्षात काय लिहायचं? मनमिळाऊ की मारकुटे?

गेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं हा दंडक आपला एकट्याचा नाही; तिकडे लॅटिनमध्येही तशी म्हण आहे. रामानंसुद्धा रावण पडल्यावर बिभीषणाला सांगितलं की वैर मरणापर्यंतच, आता तुझ्याइतकाच तो माझाही. पण मराठी माणूस रामाचं ऐकूनही स्वतःचं डोकं चालवतो, आणि म्हणतो, मेल्या म्हशीला मणभर दूध. या दोन टोकांच्या मध्ये आपला सगळा निधनवार्तांचा व्यवहार चालतो. पुण्यात आगरकर जिवंत असताना सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. १८९५ मध्ये ते खरोखर गेले, तेव्हा त्यांच्यावर 'केसरी'त मृत्युलेख लिहिला टिळकांनी. दोघांचं किती फाटलं होतं हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं. हाडाचा मतभेद असलेल्या माणसानं लिहिलेला मृत्युलेख शंभर 'मनमिळाऊ'ंपेक्षा किमती. पण प्रत्येकाच्या नशिबी टिळक कुठून येणार? बाकीच्यांना कंपोझिटरनं आधीच जुळवून ठेवलेला मजकूर.

आणि छापलेलं सगळं खरं असतं असंही नाही. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण हयात असताना लोकसभेत त्यांना श्रद्धांजली वाहून झाली. ते गेले त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला. तेव्हा निधनवार्ता हा पुरावा म्हणून फार ताणू नये. मी तर म्हणतो, ती स्तुतीही खुशाल राहू द्यावी. मेलेल्या माणसाला 'मनमिळाऊ' म्हटल्यानं कुणाच्या खिशातलं काही जात नाही. जन्मभर ज्याला कुणी चांगलं म्हटलं नाही, त्याला गावानं एकदा, तेही फुकटात, चांगलं म्हटलं तर बिघडलं कुठे? इथवर माझं आणि काकांचं एकमत होतं.

पण निधनवार्तेत शेवटी एक वाक्य असतं. 'त्यांच्या पश्चात दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा मोठा परिवार आहे.' ही यादी आम्ही बँकवाले जरा निराळ्या नजरेनं वाचतो. खातेदार गेला आणि वारस नेमून ठेवला नसेल की क्लेम येतो, आणि त्यात कायदेशीर वारसांची यादी द्यावी लागते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापुढे सुना, जावई ही मंडळी पंगतीच्या बाहेर. पण मुलगी, मग ती कुठेही असो, पहिल्या पाटावर. त्यामुळे वर्तमानपत्रातला परिवार आणि फॉर्मवरचा परिवार पुष्कळदा टॅली होत नाही.

एकदा एका क्लेमबरोबर निधनवार्तेचं कात्रण जोडलेलं होतं. त्यात 'दोन मुलगे, एक मुलगी'. फॉर्मवर मुली दोन. आमच्या साहेबांनी विचारलं तेव्हा थोरला मुलगा म्हणाला, "ती आमच्यात नसते." तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं होतं. साहेब म्हणाले, "तुमच्यात नसली तरी आमच्या फॉर्ममध्ये असते. सही लागेल." ती आली. भावांनाच रक्कम द्यायला हरकत नाही, अशी सही तिनं केली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ते कात्रण जरा बघू?" तिनं ते वाचलं, होतं तसं घडी करून परत दिलं, आणि गेली. दिवसभर माझी बेरीज चुकली नाही, पण लक्ष मात्र लागलं नाही.

तेव्हापासून मला वाटतं, निधनवार्ता खोटं बोलते ते विशेषणांत नव्हे. विशेषणं बिचारी निरुपद्रवी. ती खोटं बोलते ते गाळलेल्या नावांत.

आणि आमच्या घरातलं गाळलेलं नाव मला सापडलं जुलै १९६१ च्या अंकात. म्हणजे नाव सापडलं नाही, गाळलेली जागा सापडली. 'येथील प्रतिष्ठित वकिलांच्या भगिनी गं. भा. यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. वकीलसाहेबांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' वकीलसाहेब म्हणजे माझे आजोबा. आणि ह्या भगिनी म्हणजे आक्का. गं. भा. आणि पुढे एकदम 'यांचे'. गंगाही झाली, भागीरथीही झाली, पण स्वतःचं नाव नाही.

आक्काचं लग्न नवव्या वर्षी झालं. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा आला १९२९ साली, तोवर तिचं लग्न होऊन वैधव्य येऊन सगळं उरकलं होतं. अकराव्या वर्षी ती माहेरी परत आली आणि पंचेचाळीस वर्षं आमच्या स्वयंपाकघरात राहिली. गेली तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. छप्पन्नाव्या वर्षी वृद्धापकाळ! आमच्या बँकेत छप्पन्नाव्या वर्षी माणसं प्रमोशनची मुलाखत देतात. काका, माझे वडील, त्यांची भावंडं, शिकायला ठेवलेली भाचरं, मिळून डझनभर पोरं तिनं वाढवली. जी खरोखर मनमिळाऊ होती असं आमच्या घराण्यातला प्रत्येक जण सांगतो, त्या एकाच माणसाच्या निधनवार्तेत 'मनमिळाऊ' हा शब्द नाही. गावातल्या सगळ्यांना वाटून झाला, हिच्यापाशी येईपर्यंत संपला. आणि 'पश्चात' तर नाहीच. मूलबाळ नाही, त्याला पश्चात कसला?

मी कात्रणाची नक्कल काकांपुढे ठेवली. काकांनी चष्मा लावून वाचली.

"अरे, त्या आठवड्यात पानशेत फुटलं होतं," ते म्हणाले. "बारा जुलैला. सगळ्या महाराष्ट्राला दुसरं काही सुचत नव्हतं. पेपरात जागा कुठली?"

"काका, त्याच पानावर मामलेदारांच्या बदलीच्या चहापानाला अर्धा कॉलम आहे. चिवडा होता हेसुद्धा दिलंय."

काका गप्प. मग म्हणाले, "बरं, तिचं नाव काय लिहिणार तू?"

"तेच तुम्हाला विचारतोय."

आणि काकांना ते सांगता येईना. ऐंशी ओलांडलेला हा माणूस. त्याला पहिली धुळाक्षरं आक्कानं गिरवून दिली, आणि त्याला तिचं नाव माहीत नव्हतं. आजोबा तिला आक्का म्हणत, मुलं आक्का म्हणत, दूधवाला आक्का म्हणे. माहेरचं एक नाव असणार, सासरचं दुसरं. दोन नावांची धनीण, पण दोन्ही बेपत्ता. गंमत बघा, ज्या श्राद्धपक्षाला आपण जुनाट म्हणतो, त्यातल्या महालयाची यादी वर्तमानपत्रापेक्षा उदार. तिच्यात आई-आजी-पणजी तर नावानं येतातच, शिवाय मामा, मावशी, आत्या, बहीण, सासरा, गुरू, आप्त, सगळ्यांचं नाव घेऊन पाणी सोडतात. आजोबा होते तोवर आमच्या गुरुजींकडे ती यादी होती. १९७४ ला आजोबा गेले, पक्ष बंद झाला, गुरुजीही गेले. यादी गेली.

"तिच्याबद्दल काही लिहायचं म्हटलं," काका जरा वेळानं म्हणाले, "तर सगळंच लिहावं लागेल. तिला वेगळं वाढायचे, ते लिहिशील? दादांना नावं ठेवशील? ते वाईट नव्हते रे. त्या काळी सगळीकडे तसंच होतं. गेलेल्या माणसाची उणीदुणी काढून काय मिळतं? झाकली मूठ आहे, राहू दे."

हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. आजोबा वाईट नव्हते. गेलेला माणूस उठून आपली बाजू मांडू शकत नाही; त्याच्यावर आरोप करणं म्हणजे ज्याला नोटीस पोचलीच नाही त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल लावणं. पणजोबांची छडी वंशवृक्षात लिहून कुणाचं भलं होणार? ज्यांच्या हातावर ती बसली तेही गेले. ती खुशाल गाळावी. पण आक्का गाळली तर ते झाकणं नव्हे, ते बुडवणं आहे. दोष झाकला तर मेलेल्याची लाज राहते; नाव गाळलं तर दुसऱ्या मेलेल्याचं देणं राहतं. आणि ज्यानं देणं लपतं अशा मुठीची किंमत सव्वा लाख असली, तरी ते लाख आपले नसतात.

हे सगळं मी काकांना एवढ्या आवेशानं सांगितलं नाही. मोठ्या माणसांपुढे आमची वाचा बँकेतल्या काउंटरच्या आतच चालते. मी एवढंच म्हणालो, "काका, दोष लिहायचे नाहीत. पण कुणाचं काही येणं असेल तर तेवढं लिहू."

काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग हळूच म्हणाले, "एकोणसाठ साली मी इंजिनियरिंगला गेलो. पहिल्या वर्षाची फी तिच्या पाटल्यांची. दादांचं त्या वर्षी काही ठीक चाललं नव्हतं. तिनं कुणाला सांगू नको म्हटलं. म्हणून सांगितलं नाही."

"पोरांना?"

"कुणालाच नाही."

म्हणजे न्यू जर्सीतलं ते घर, ती मोटार, ती शाळा आणि तो वंशवृक्षसुद्धा, सगळ्याच्या मुळाशी दोन पाटल्या. आणि वृक्षात पाटल्यावालीला फांदी नाही. जुने कुलवृत्तांत बघा. बहुतेकांत वंश पुरुषांच्या बाजूनं चालतो. मुलगी लग्न होऊन गेली की दुसऱ्या घराण्याच्या पुस्तकात. आणि परत आलेली मुलगी? त्या पुस्तकातून उडाली, ह्यात परत घेतली नाही.

आता व्यवहाराचा प्रश्न. नाव माहीत नाही तर लिहायचं काय? इथे मात्र बँक माझ्या मदतीला आली. आमच्याकडे कधीकधी पैसे येतात आणि कुणाचे ते कळत नाही. चलनावरचा नंबर पुसलेला असतो, नाव लागत नाही. म्हणून काय ते पैसे कुणी टाकून देतं? मुळीच नाही. ते 'सस्पेन्स' खात्यात ठेवतात. धनी सापडेपर्यंत ती रक्कम तिथे दिसत राहते, आणि ऑडिटर आला की पहिलं तेच विचारतो, ही कुणाची? दहा वर्षं ज्या ठेवीची कुणी विचारपूस केली नाही, ती २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण तिथे गेली तरी हक्क बुडत नाही. वारसानं पुराव्यानिशी मागितली की मिळते. रुपयाला जी इमानदारी आपण दाखवतो, ती आक्काला दाखवायला काय हरकत आहे?

तेव्हा मी वंशवृक्षात आजोबांच्या शेजारी एक चौकोन काढला. आत लिहिलं : 'आक्का. आजोबांची थोरली बहीण. जन्म १९०५ च्या सुमारास, मृत्यू जुलै १९६१. १९५९ ची फी हिच्या पाटल्यांतून.' आणि नावापुढे जागा रिकामी ठेवली. खाली, निधनवार्तेत राहून गेलेलं वाक्य माझ्या हातानं घातलं : 'त्यांच्या पश्चात आम्ही सर्व.' 'मनमिळाऊ' लिहावं असं फार मनात आलं, पण तो शब्द बाकीच्यांनी इतका वापरलाय की तिला उष्टा द्यावासा वाटेना.

कागद काकांना दाखवला. त्यांनी चौकोनावर बोट ठेवलं, रिकाम्या जागेवर ते थोडा वेळ तसंच राहू दिलं, आणि म्हणाले, "जागा जरा कमी सोडलीस. त्या वेळची बायकांची नावं लांब असत."

मी खोडून चौकोन मोठा केला. सासरच्या गावाचं वाचनालय कधी उघडं असतं, याची आता चौकशी चालू आहे. दुसरा आणि चौथा शनिवार सोडून कुठल्याही दिवशी असतं, असं कळतं.